डब्याला बांधलेला दादरा

मला चारचौघांत बोलता येत नाही. आमचं गॅरेज मार्गासनीच्या रस्त्याला आहे आणि मागं घर. गिऱ्हाईक आलं की मी चहा दाराच्या चौकटीपर्यंत नेते आणि तिथून मालकांच्या हातात देते. मालक म्हणजे आमचे हे. मागच्या भादव्यापर्यंत गॅरेजात आलेल्या कुणी माझा आवाज ऐकला नव्हता.

मालक आधी ट्रॅक्टर आणि मोटारसायकली दुरुस्त करायचे. मग पुण्याला शर्यतीच्या गाड्यांच्या गॅरेजात चार वर्षं राबले आणि तेच काम गावात करायचं असं मनात धरून परत आले. लोक हसले. इथल्या रस्त्यावर एसटी दहा वेळा कण्हते, शर्यतीची गाडी कोण आणणार? पण एक बाई आल्या. दातांच्या डॉक्टरीण, केस बारीक कापलेले, काखेत हेल्मेट. त्यांची पांढरी गाडी मालकांनी पुण्यात असताना दुरुस्त केलेली होती. त्यांच्या थोरल्या भावाकडं तशीच, पण लाल. भावाच्या गाडीत शर्यतीचं खास पेट्रोल. बाईंना मात्र आपली गाडी इथेनॉलवर पळवायची होती. त्यावरून दोघा बहीणभावांचं सारखं जुंपायचं.

एकदा जेवताना सासूबाईंनी विचारलं, "ते इथेनॉल म्हंजी काय रं?"

"उसाच्या मळीपासून करत्यात, आई. त्यात थोडं पेट्रोल घालायचं."

"मळीपासून? म्हंजी दारूच की! गाडी दारू पिती?"

"पिती, आन् पेट्रोलपेक्षा जास्त पिती. पण इंजिन गार ठेवती."

"तुजा चुलता बी पीत व्हता. त्यो काय गार ऱ्हात न्हवता."

मालकांना ठसका लागला. मी पाणी दिलं.

जास्त पिते म्हणून त्या गाडीला इंधनाच्या मोठ्या पिचकाऱ्या बसवल्या, नळ्या बदलल्या. इंधनात इथेनॉल किती आहे त्याचा आकडा दाखवणारं एक यंत्रही मालकांनी जोडलं. जेवताना त्यांचं बोट ताटातल्या आमटीत वायरींचं चित्र काढत असायचं. बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "दादा, माझी गाडी भावाच्या लाल गाडीच्या बरोबरीनं पळाली, तर वर्षभराचं काम तुमच्याकडे. नाही पळाली, तर मला पुण्यातच परत न्यावी लागेल." मालकांनी मान हलवली. मला माहीत होतं, ही गाडी गेली तर ते पुन्हा ट्रॅक्टरच्याच खाली झोपणार, आणि परत कधी शर्यतीचं नाव काढणार नाहीत.

दोन्ही गाड्या पळवून बघायचा दिवस ठरला. त्याच्या आठ दिवस आधी बाई इथेनॉलचा एक मोठा डबा ठेवून गेल्या. मालक म्हणाले, "चुलीपासनं लांब ठेव." मी तो मागच्या पडवीच्या टोकाला ठेवला. तिथं दुपारी ऊन येतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर डबा टम्म फुगलेला. झाकण जरा फिरवलं तर फुस्स झालं आणि आंबूस-गोडसर वास आला. माझ्या माहेरी एकदा आंबलेल्या पिठाचा घट्ट झाकलेला डबा फुटून छपराला पीठ लागलं होतं. तेच डोळ्यापुढं आलं. आंबलेल्या वस्तूला हवा पाहिजे, असं मी समजले. झाकण काढलं आणि लोणच्याच्या बरणीला बांधतो तसा डब्याच्या तोंडावर स्वच्छ फडक्याचा दादरा बांधला. डबा पुन्हा फुगला नाही. मला फार बरं वाटलं.

तो आठवडाभर सकाळ-संध्याकाळ धुकं आणि बारीक पाऊस होता, दुपारी तेवढं ऊन. घरात मिठाच्या बरणीत पाणी सुटलं होतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी मी दादरा सोडला. फडकं बांधलेला डबा पाहुण्यांसमोर बरा दिसला नसता. झाकण लावून डबा उचलला, तर तो मला हलका वाटला. पण घाई होती. मालकांनी तो पांढऱ्या गाडीच्या टाकीत ओतला.

वेल्ह्याच्या अलीकडं एकानं डोंगराखाली प्लॉट पाडलेत. डांबरी रस्ते झालेत, घर एकही नाही. त्याची परवानगी काढून तिथंच गाड्या पळवायच्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "मी बी येनार. दारू पिऊन गाडी कशी पळती ती बघाया पायजे." मालकांनी पांढरी गाडी एका मोठ्या टेम्पोत चढवली, आणि आम्ही दोघी भाकरी आणि चहा घेऊन त्यातच पुढं बसून गेलो.

लाल गाडी आधी सुटली. मोठा आवाज, मागं तिखट वास, आणि बघता बघता वळणापाशी. बाईंच्या भावानं उतरून मोबाईलवरची वेळ दाखवली. मग पांढरी. ती सुरूच होईना. झाली तेव्हा खोकली, दोन झटके खाल्ले आणि निम्म्या रस्त्यात थांबली.

मालकांनी बॉनेट उघडलं. आकडा दाखवणारं यंत्र भलताच आकडा दाखवत होतं. "गेल्या टायमाला बरोबर व्हता," ते म्हणाले, आणि आपणच जोडलेल्या वायरी एकेक करून ओढून बघायला लागले. त्यांचे कान लाल झाले होते.

बाईंचा भाऊ म्हणाला, "दादा, ट्रॅक्टरची वायर बसवली का चुकून?"

"गप रे," बाई म्हणाल्या. पण त्याही घड्याळाकडं बघत होत्या. मग त्या मालकांना म्हणाल्या, "इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, तसं झालंय का? पण डबा तर घट्ट बंद होता."

"बंदच व्हता," मालक म्हणाले. "माझंच काय तरी चुकलंय."

मला मिठाची बरणी आठवली, हलका झालेला डबा आठवला. मी गप्प राहिले असते तर कुणाला कधीच कळलं नसतं. मालकांनी सगळ्या वायरी सोडून पुन्हा जोडल्या असत्या, आणि गाडी पुण्याला गेली असती.

मी बाईंच्या जवळ गेले आणि पदर धरून हळूच सांगितलं. त्यांनी डोळे मोठे केले. म्हणाल्या, "वहिनी, हे मला नको, दादांना सांगा. मोठ्यानं."

"अवो," मी म्हणाले. आवाज फाटलाच. "त्या वायरी सोडा. म्या झाकण काढलं व्हतं."

"कसलं झाकण?"

"डब्याचं. फुगला व्हता म्हनून. दादरा बांधला व्हता, आठ दिस."

मालकांनी हातातली वायर सोडली. मग सासूबाई म्हणाल्या, "मग काय झालं? लोनच्याला न्हाई का बांधत?"

बाईंचा भाऊ आधी हसला. मग बाई हसता हसता डांबरावर खाली बसल्या. मालक माझ्याकडं बघत राहिले, आणि त्यांचे खांदे खाली आले. "म्हंजी वायरिंग बरोबर हाय," ते म्हणाले. रागवायचं त्यांना सुचलंच नाही.

बाईंच्या गाडीत एक सीलबंद डबा होता. मालकांनी टाकी रिकामी केली, नळ्यांमधलं जुनं काढलं, नवं ओतलं. आकडा जागेवर आला. तोवर भाऊ विचारत होता, "माझं पेट्रोल असं उघडं ठेवलं असतं तर?"

"उडून गेलं असतं बरंचसं," मालक म्हणाले. "पण पानी न्हाई पीत ते. ही उसाची जात लई तहानलेली असती."

तीन-तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत लाल जराशी पुढं. दुसरीत दोघी सारख्या. तिसरीला ऊन चढलं होतं. लाल गाडी तापली आणि मंदावली. पांढरीनं मात्र पहिल्यासारखीच वेळ दिली. सुई टोचायच्या आधी दंडाला स्पिरिट लावल्यावर गार वाटतं ना, तसं इथेनॉल इंजिनाला आतून गार करतं, असं मालकांनी मला भाकरी खाताना सांगितलं. सगळ्यांच्या देखत, मला.

भाऊ म्हणाला, "आजचा दिवस तुझा. हिवाळ्याच्या सकाळी ये परत. थंडीत तुझी पांढरी लवकर सुरू होत नाही, तेव्हा बघू."

"बघू की," बाई म्हणाल्या. मग मालकांकडं वळल्या. "दादा, गाडी वर्षभर तुमच्याकडे. पण माझे डबे वहिनींच्या ताब्यात. आता त्यांच्याएवढं कुणीच जपणार नाही."

तेव्हापासून डबे माझ्याकडं आहेत. पडवीतून काढून सावलीच्या खोलीत ठेवलेत. सासूबाई त्यांचं फडकं अजून मागतात, पण त्याचा वास जात नाही. आता पुण्याच्या आणखी दोन गाड्या येतात. डबा उघडून बोलत उभा राहिलेला माणूस दिसला की मी दारातूनच म्हणते, "झाकण घट्ट लावा." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा तो माणूस दचकला, आणि मीही. पण झाकण त्यानं लगेच लावलं.