घाटनांदूरच्या अक्षता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर त्या लग्नात माझ्या शेजारीच उभी होती.

नव्वदच्या दशकात मी बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात अपघात विभागाचा डॉक्टर होतो. एड्सची तेव्हा अशी दहशत, की टाके घालण्याआधी आम्ही पेशंटचं रक्त गुपचूप तपासायचो. विचारायचं नाही, सांगायचंही नाही. पेशंटसाठी होती का ती तपासणी? छे! आमच्या हातांसाठी. कुणी पॉझिटिव्ह निघालाच, तर नर्स, ड्रेसर, झाडूवाला — सगळ्यांना डोळ्यांच्या खुणेनं कळायचं. एकट्या पेशंटला सोडून.

चौसाळ्याचा महादेव असाच आला. हायवेला त्याचं टायरचं दुकान. मोटारसायकलवरून पडून कपाळ फाटलं होतं. रक्त थांबेना म्हणून टाके आधी घातले, तपासणी मागाहून झाली. पॉझिटिव्ह. मी काय केलं? मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले — साबणानं, मग स्पिरिटनं, मग पुन्हा साबणानं. बोटाला कुठे ओरखडा तर नाही ना, ते खिडकीच्या उजेडात पाहिलं. आणि त्याला म्हणालो, "टाके ओले करू नकोस." एवढंच.

टाके काढायला आला तेव्हा मी ड्रेसरला पुढे केलं. मला त्याला हात लावायची किळस येत होती — त्याची! निघताना महादेवनं पिशवीतून कुंकू लावलेली पत्रिका काढली.

"सायेब, तुमच्यामुळं तोंड दाखवायजोगा ऱ्हायलो. घाटनांदूरला माजं लग्न हाय. वहिनींना घिऊन यायलाच पायजे."

तेव्हा तरी बोलायचं की नाही? लग्न थांबव, बीडला जाऊन रक्त पुन्हा तपासून घे — इतकंच तर सांगायचं होतं. पण मग तो विचारणार, माझं रक्त न सांगता कावून तपासलं? भाऊबंद घेऊन दवाखान्यात येणार. मी भ्यालो. पत्रिका घेतली आणि त्याचं अभिनंदन केलं.

आणि गेलो की लग्नाला! डॉक्टर आले म्हणून त्यांनी मला फेटा बांधला. नवरी सुनंदा — हळदीनं पिवळी, मान खाली. मी मूठ भरून अक्षता टाकल्या त्या पोरीच्या अंगावर. मग पंगतीत बसलो आणि बुंदी पुन्हा मागून घेतली. मागून! अजूनही ते आठवलं की स्वतःची शिसारी येते.

काही वर्षांनी ती आमच्याच विभागात आली. तापानं फणफणलेली, वाळून गेलेली. महादेव तोवर गेला होता, आणि हिनंच रोग आणला म्हणून सासरच्यांनी तिला हाकलून दिलं होतं. भावानं आणून सोडली. मी तिची नाडी धरली — हातमोजे घालून. तिनं डोळे उघडले, मला ओळखलं आणि चक्क हसली.

"तुमी आमच्या लग्नाला आलते न्हवं, सायेब?"

मी म्हणालो, "नाही. दुसरं कुणी असेल."