जहाजावरून आलेला फोन

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तो भर समुद्रात होता. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात. बदली झाल्यामुळे आम्ही जळगावहून जयपूरला, खातीपुऱ्यात आलो होतो. जहाजावरच्या सॅटेलाइट फोनवरून दादा बाबांच्या मोबाइलवर फोन करायचा. घरचा लँडलाइन रस्ता खोदताना तुटला तो तुटलाच.

पण नेमका तेव्हाच मोबाइल चालेना. रेंज दिसायची, फोन लागायचा आणि घरघर होऊन तुटायचा. बाबांनी कंपनीत तक्रार केली. एक इंजिनिअर हातात अँटेना घेऊन गल्लीभर फिरला आणि शेजाऱ्यांच्या गच्चीकडे बोट दाखवून थांबला. त्यांनी रेंज वाढवायला बाजारातून एक यंत्र आणून बसवलं होतं. त्याच्या लहरींच्या गोंधळात टॉवरला आसपासचा एकही फोन नीट पकडता येत नव्हता.

बाबा स्वतः त्यांच्याकडे गेले. मला वाटलं, आता भांडण होणार. शेजारी एवढंच म्हणाले, "माताजी के लिए फोन आता है? पहले बताते, बाबूजी." आणि वर जाऊन त्यांनी यंत्राची वायरच काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाचा फोन आला. आवाज स्वच्छ होता, पण उपग्रहावरून जायला-यायला वेळ लागायचा. आई आणि दादा एकदमच बोलायचे, मग एकदमच गप्प व्हायचे. बाबा तिच्याजवळ वाकून म्हणाले, "तू बोल आणि थांब. त्याच्यापर्यंत पोचू दे."

"जेवलास का रे?" आईने विचारलं आणि डोळे मिटून थांबली.

"जेवलो, आई. तू?"

"जेवले की. पोटभर." तिच्या पोटात तेव्हा पाण्याशिवाय काही टिकत नव्हतं.

त्याच आठवड्यात ती गेली. दादाला बाबांनीच सांगितलं. बाबा काही न विचारता फोन कानाशी धरून उभे राहिले.

जहाज बंदराला लागलं आणि दादा घरी आला, तोवर तेरावाही होऊन गेला होता. आईच्या पलंगावर बसून त्याने मला विचारलं, "फोन ठेवल्यावर ती काही म्हणाली?"

"म्हणाली, मागे लाटांचा आवाज नव्हता. म्हणजे पाणी शांत असणार."

दादाने नुसती मान हलवली. त्या दुपारी समुद्र फार खवळलेला होता, हे त्याने पुष्कळ दिवसांनी मला सांगितलं. बाबांना मात्र कधीच नाही.