दाराला पाच बोटं नसतात

मेहरूणहून फोन आला तेव्हा माझ्या हातात माइक होता. सकाळचे सव्वादहा झाले होते. जळगावच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसून मी धुळ्याची गाडी तीन नंबरच्या फलाटावर लागल्याचं सांगत होते. टेबलावर मोबाइल थरथरला, पडद्यावर नाझनीनचं नाव दिसलं. उचलला तर ती एवढंच म्हणाली, "अम्मी गेल्या, सुजाताताई." माइक बंद करायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. माझा "कधी?" सगळ्या स्थानकानं ऐकला. एक म्हातारे गृहस्थ पिशवी सांभाळत खिडकीशी आले आणि म्हणाले, "कधी काय, बाई? गाडी लागली ना?" मी म्हटलं, "लागली, आबा. जा तुम्ही." मग माइक बंद केला आणि तिथंच टेबलावर डोकं टेकून रडले.

शमीमआपा माझ्या नात्यातल्या नाहीत, शेजारच्याही नाहीत. जळगावातल्याच मेहरूणमध्ये रस्त्याकडे उघडणाऱ्या एका खोलीत त्या शिवणकाम करायच्या. नवरा लवकर गेला, मशिनीवर पोरं वाढवली. नाझनीन ही त्यांची सून. लग्नाचे ब्लाउज, शाळेचे गणवेश सगळेच शिवतात, पण आपांकडे एक वेगळं काम होतं. जळगाव-धुळ्यातल्या कितीतरी कराटे आणि ज्यूदो क्लासचे ड्रेस त्यांच्याकडे शिवायला आणि दुरुस्तीला यायचे. मी तेव्हा जळगाव-धुळे लाईनवर कंडक्टर होते. धुळ्याच्या क्लासचं गाठोडं त्या माझ्या गाडीनं पाठवायच्या. गाठोडं देताना दर वेळी बजावायच्या, "कोंबड्यांशेजारी ठेवू नको हं." एकदाच ठेवलं होतं मी, पण ते त्या शेवटपर्यंत विसरल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पारोळ्याच्या पुढं एका फाट्यावर एक माणूस चढला, प्यालेला, आणि दाराच्या पायरीवरच उभा राहिला. मी म्हटलं, "भाऊ, आत या, पायरीवर थांबू नका." एवढंच. त्यानं माझ्या खाकी ड्रेसची कॉलर धरली आणि मला गाडीतून खाली ओढलं. मी डांबरावर पडले, मनगट मोडलं. तो शेतातून पळून गेला. गाडीत पन्नासेक माणसं होती, सगळी खिडकीतून बघत होती. मनगट दीड महिन्यात जुळलं. पण त्यानंतर कुणी जरा जवळून गेलं की माझे हात कापायचे. डेपोत मला हलकं काम म्हणून चौकशीच्या खिडकीत बसवलं. सगळे म्हणाले, बरं झालं, बसून काम मिळालं. मला ते अजिबात बरं वाटलं नव्हतं. सतरा वर्षं गाडीवर काढलेली बाई मी, काचेआड बसून फलाटांचे नंबर सांगत राहायचं म्हणजे शिक्षाच वाटायची. मला लाईनवर परत जायचं होतं, आणि जायची हिंमत नव्हती.

ती फाटकी कॉलर घेऊन मी आपांकडे गेले. घरी कुणाला तो ड्रेस दाखवायचा नव्हता म्हणून. आपांची एक सवय होती. कपडा हातात आला की आधी उलटा करायच्या, आतली शिवण अंगठ्यानं चाचपायच्या, आणि मगच सुलटी बाजू बघायच्या. तसा अंगठा फिरवत त्यांनी विचारलं, "कसं फाटलं?" मी म्हटलं, "दाराला अडकलं." त्यांनी काळ्या दोऱ्यानं बांधलेला चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "दाराला काय पाच बोटं असतात?"

मग मी सगळं सांगितलं. पोलिसांना सांगितलं होतं त्याहून जास्त सांगितलं... म्हणजे पडल्यावर मला सगळ्यात आधी काय वाटलं तेही. लाज वाटली होती. पन्नास माणसांसमोर मी कशी पडले याची लाज. आपांनी ना पाठीवरून हात फिरवला ना च्च केलं. मशिनीत जाड सुई घातली आणि कॉलरवर एकाखाली एक चार शिलाया मारल्या. दोरा दातानं तोडून म्हणाल्या, "आता कॉलर निघणार नाही. पण उद्या कुणी धरली तर कॉलरीसकट तू जाशील, त्याचं काय करणार?"

"कराटे शिकीन," मी म्हटलं. उगाच, तोंडाला आलं म्हणून. टीव्हीवर विटा फोडताना बघितलं होतं. वय माझं त्रेचाळीस.

आपा हसल्या नाहीत. उठल्या आणि दुरुस्तीचं गाठोडं माझ्यापुढं सोडलं. पांढरे ड्रेस, घामाचे डाग पडलेले. एकेक उलटा करून दाखवायला लागल्या. "हा बघ, लाथांच्या क्लासचा, आसनात उसवलाय. यांच्यात पाय डोक्यापर्यंत उडवतात. तुझा पाय गाडीच्या पायरीपर्यंत जातो, त्याच्या वर नाही. हा कराटेचा, काखेत गेलाय. ठोसे मारून मारून. मेहनतीचा क्लास आहे, खोटं नाही बोलणार. पण तुला कुणी ठोसा मारला नव्हता, धरलं होतं." एका क्लासचं नाव मीच काढलं, त्याची मोठी पाटी मी स्थानकाबाहेर रोज बघायची. "त्यांचे नवे ड्रेस येतात शिवायला, फाटलेला एकही नाही आला आजवर. फोटो काढायला घालत असतील." मी लाठीचं विचारलं तर म्हणाल्या, "भरल्या गाडीत फिरव लाठी. आधी ड्रायव्हरचं डोकं फुटेल." शेवटी तळातून त्यांनी जाड कापडाची पाच-सहा जॅकेटं काढली. सगळी गळ्याशी फाटलेली. "हा ज्यूदो. यांच्यात धरतातच गळ्याला. सुरुवातच तिथून. तुला इथं जायचंय."

"पण हा क्लास धुळ्याला आहे, आपा. म्हणजे त्याच रस्त्यानं..."

"मग? तुझ्यासाठी नवा रस्ता बांधायचा का?"

मी पण हट्टीच. शिंप्याच्या दुकानात बसून असल्या गोष्टी ठरतात होय, म्हणून जळगावातले बाकीचे क्लास आधी स्वतः पाहून आले. एका ठिकाणी सर धावत पुढं आले आणि म्हणाले, "या मॅडम, मुलगा कितवीत आहे?" मी शिकायला आलेय म्हटल्यावर त्यांनी मला झुंबाची बॅच सुचवली. दुसऱ्या ठिकाणी तासभर बसले, तासभर पोरं हवेत लाथा मारत होती. छान मारत होती. पण कुणी कुणाला हात लावत नव्हतं, आणि मला तर हात लागायचीच भीती होती. तिथून थेट मेहरूणला आले आणि म्हटलं, "शिवा माझं जॅकेट." आपा म्हणाल्या, "कापून ठेवलंय."

रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपून मी धुळ्याची गाडी धरायला लागले, प्रवासी म्हणून. फाटा यायच्या आधी डोळे मिटायची आणि गाडी पुढं गेल्यावर उघडायची. क्लास एका शाळेच्या हॉलमध्ये, शिकवणारे नाना, निवृत्त व्यायामशिक्षक. बोलणं अहिराणीच. पहिला दीड महिना त्यांनी मला फक्त पडायला लावलं. मागं पड, कुशीवर पड, हात आपटून पड. मी बिचकले की विचारायचे, "पडाले लाज वाटस का तुले?" त्या माणसाला काही माहीत नव्हतं, तरी नेमकं तेच विचारायचा. आई भडगावला असते, तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बठ्ठा दात पडी जातीन, मंग तुले समजी." दात शाबूत राहिले. गुडघे मात्र सोलले, आणि तिसऱ्या महिन्यात जॅकेटचा गळा पहिल्यांदा उसवला.

तो मी आपांकडे नेला तेव्हाचा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. जॅकेट उलटं केलं, अंगठा फिरवला आणि नाझनीनला हाक मारली. "बघ, बघ. चांगलं दाबून धरलं होतं कुणीतरी. आणि हिनं सोडवून घेतलंय, तिरकं फाटलंय बघ." लेकीचं प्रगतिपुस्तक बघावं तसं सासू-सुना ते फाटकं कापड बघत होत्या. मग तो नेमच झाला. दीड-दोन महिन्यांनी जॅकेट फाटायचं, मी मेहरूणला जायची, आपा चार शिलाया मारायच्या, आणि चहा व्हायचा. मी विचारायची, "आता लाईन मागू का?" त्या म्हणायच्या, "मला काय विचारतेस? फाट्यावर डोळे उघडे ठेवतेस का?" मी चहाचे कप विसळायला उठायची.

आणि गेल्या हिवाळ्यात माझं सगळं फिसकटलं. धुळ्याला जाताना गाडी त्या फाट्यावर थांबली, डोळे मिटायचे राहून गेले, आणि एक माणूस चढला. तोच होता की दुसरा कुणी, आजही सांगता येणार नाही. तो शहाण्यासारखा पुढं जाऊन बसला. पण माझे हात असे कापायला लागले की पुढच्या थांब्यावर मी उतरले आणि उलट्या गाडीनं घरी आले. पुढच्या रविवारी डोकं दुखलं. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे आले. असे तीन महिने गेले. नानांचा फोन आला की मी उचलायची नाही. एवढं दीड वर्ष केलं ते सगळं पाण्यात गेलं असं वाटायचं, आणि स्वतःचा संताप यायचा.

आपा तेव्हा आजारी पडल्या होत्या. पोटाचं दुखणं, पार वाळून गेल्या होत्या. भेटायला गेले तर खाटेवरूनच म्हणाल्या, "बरेच दिवस जॅकेट नाही आलं." मला खरं बोलवेना. म्हटलं, "फाटलंय थोडं, आणते की." घरी आले, मिस्टरांच्या दाढीचं ब्लेड घेतलं आणि गळ्याची शिवण चार बोटं कापली. वर जरा चुरगाळली, खरी वाटावी म्हणून. लिहिताना लाज वाटते, पण केलं ते केलं. दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं. आपांनी ते उलटं केलं. अंगठा शिवणीवरून गेला आणि मध्येच थांबला. मला वाटलं आता विचारतील. त्या फक्त म्हणाल्या, "ठेव."

दोन दिवसांनी नाझनीननं जॅकेट आणून दिलं. घरी उघडून बघते तर पांढऱ्या गळ्यावर लाल दोऱ्याचे कच्चे टाके, हातानं घातलेले, हे एवढे लांब लांब. नवशिक्या पोरीनं घालावेत तसे. मला आधी रागच आला. वाटलं, म्हातारीची नजर गेली. मग वाटलं, चेष्टा चाललीय माझी. कळायला दोन दिवस लागले. ब्लेडनं कापलेला दोरा आणि ताणून तुटलेला दोरा यातला फरक त्यांना अंगठ्यानं कळायचा... मी कुणाला फसवायला निघाले होते. जाऊन पाय धरायला हवे होते, ते मी केलं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत दहा दिवस काढले, आणि अकराव्या दिवशी माझ्या हातात माइक होता.

त्या दिवशी त्यांच्या खोलीत बायकांमध्ये बसले होते. मशिनीवर चादर टाकलेली. सगळ्या आपांबद्दल चांगलं बोलत होत्या आणि मी एकटीच मनात म्हणत होते, माझं खोटं घेऊन गेली बाई. त्याहून वाईट काही नाही.

महिन्याभरानं एका रविवारी तेच लाल टाक्यांचं जॅकेट पिशवीत घालून मी धुळ्याच्या गाडीत बसले. मुद्दाम दाराजवळच्या सीटवर. फाटा आला तेव्हा डोळे उघडे ठेवले. हात कापत होते, ते कापू दिले. हॉलमध्ये नानांनी गळा बघितला आणि म्हणाले, "हाई काय शे?" मी म्हटलं, "राहू द्या, नाना." त्यांनी एका कॉलेजच्या पोरीला माझ्यासमोर उभं केलं. पोरगी दांडगी. तिनं गळा धरून ओढलं, मी पडले, उठले. पुन्हा ओढलं, पुन्हा पडले. तिसऱ्यांदा तिनं धरलं तेव्हा मी कमरेतून वळले. आधी लाल टाके गेले टराटर, मग त्यापुढचं धड कापडही गेलं, आणि पोरगी माझ्या पाठीवरून पलीकडे गादीवर पडली. पडल्या पडल्या हसत म्हणाली, "आत्या, ड्रेस फाटला ना तुमचा."

संध्याकाळच्या आत मी मेहरूणला होते. मशिनीवर नाझनीन बसलेली. मी जॅकेट पुढं केलं. तिनं ते आधी उलटं केलं आणि अंगठा फिरवला, अगदी आपांसारखा. लोंबणारे दोरे, ताणून विरलेलं कापड, बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, अम्मी बोलून गेल्यात. कंडक्टरबाईचं जॅकेट येईल. कापलेलं आलं तर पुन्हा लाल दोरा घाल, काही बोलू नको. फाटलेलं आलं तर चार शिलाया मार." असं म्हणून तिनं जाड सुई लावली. मी तिथंच खाली फरशीवर बसले आणि मशीन थांबेपर्यंत रडले. नाझनीननं रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी डेपोत अर्ज दिला. साहेब म्हणाले, "विचार करा बाई, बसून काम आहे." मी म्हटलं, "बसून झालं, साहेब."

गेल्या सोमवारपासून मी धुळे गाडीवर आहे. पहिल्या दिवशी जुना खाकी ड्रेस घातला, आपांच्या चार शिलायांचा. फाट्यावर गाडी थांबली. हात कापले, थोडेसे. मी कॉलरच्या आत अंगठा घालून त्या चारही शिलाया चाचपल्या. दोन बायका उतरल्या, चार-पाच माणसं चढली, त्यातला एक पायरीवरच थांबला. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "भाऊ, आत या." तो आत आला. मी दोनदा घंटी दिली.