वासंती आमची आई नव्हती

वासंतीला लाडू करता येत नव्हते.

हे आजच सांगायला हवं. कारण परवा ती गेल्यापासून आमच्या जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर तिच्या बेसनाच्या लाडवांचं कौतुक चाललंय. "मॅडमच्या हातची चव." "ऑफिसमधली आई गेली." जोडलेले हात, फुलं, पणत्या.

ते लाडू ती शनिवार पेठेतल्या एका दुकानातून आणायची. घरच्या डब्यात काढायची, इतकंच.

वासंती इंजिनिअर होती.

आमची कंपनी हॉस्पिटलांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर करायची. त्याच्या डेटाबेसची सगळी मांडणी वासंतीची. सिस्टिम बंद पडली की आमचे डिलिव्हरी हेड, म्हणजे सर, पहिला फोन तिला करायचे.
सिस्टिम चालू झाली की क्लायंटला फोन मात्र स्वतः करायचे.

मी तिथे युजर मॅन्युअल लिहायचे. कॉन्व्हेंटमधली, इंग्लिश बरं म्हणून घेतलेली. वासंती मुलींच्या मराठी शाळेतली. मी कोथरूडला, ती कर्वेनगरला, त्यामुळे रिक्षा एकच. आमची सगळी मैत्री त्या रिक्षात झाली.

तिचा एक उद्योग होता. जेवणं झाली की नव्या मुलींपैकी एकीला जिन्यात घेऊन जायची. मुलगी वर लँडिंगवर उभी, वासंती खाली पायरीवर बसलेली. वासंती क्लायंट व्हायची, तोही चांगला खडूस. मुलीने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम तिला समजावून द्यायचा.
"सॉरी"ने सुरुवात करायची नाही. कोणी मध्ये बोललं तरी वाक्य अर्ध्यावर सोडायचं नाही.

एकदा मी म्हटलं, मी या मुलींचं इंग्लिश जरा सुधारून देऊ का? सिस्टर्सनी आमच्याकडून सगळं घोटून घेतलं होतं ना.

"इंग्लिश राहू दे," वासंती म्हणाली. "तू फक्त प्रश्न विचार. आणि कुजकट विचार."

मग मीही पायरीवर बसायला लागले. काय सुंदर दुपारी होत्या त्या.

शर्वरी तिथेच तयार झाली. इन्शुरन्स क्लेमचं अख्खं मॉड्यूल तिने एकटीने लिहिलं. मग तिला बाळ झालं. रजा संपवून परत आली तर त्या मॉड्यूलचा डेमो सर स्वतः देणार, असं ठरलेलं. का, तर तिच्यावर ताण नको.

त्या दिवशी शर्वरी वासंतीपाशी राजीनाम्याचं बोलली. तिला वाटायला लागलं होतं, आपल्यालाच आता जमत नसेल.

वासंती सरळ केबिनमध्ये गेली. काय बोलली ते तिने मला रिक्षात सांगितलं. शर्वरीची एवढी काळजी असेल तर तिला दूध काढायला आतून कडी लागणारी एक खोली द्या, सध्या ती बाथरूममध्ये उभी असते. आणि तिचा डेमो तिला द्या.

खोली मिळाली नाही.
डेमो मिळाला.

डेमोत क्लायंटने एक वाकडा प्रश्न विचारला. शर्वरीने उत्तर सुरू केलं, शब्द शोधायला जरा थांबली, आणि सर लगेच सरसावले. तिला असं म्हणायचंय की...

"थांबा सर," वासंती म्हणाली. "तिचं बोलून झालेलं नाही."

आवाज अजिबात चढवला नाही.

शर्वरीने वाक्य पूर्ण केलं. मग पुढचं. त्यानंतर क्लायंट एकही प्रश्न सरांकडे बघून विचारेना.

शर्वरी नोकरीत टिकली. आज ती मोठ्या टीमची प्रमुख आहे.

वासंतीला त्यानंतर एकही प्रमोशन मिळालं नाही. अप्रेझलमध्ये ऐकवलं गेलं की त्या टीम प्लेअर नाहीत. ज्या टीममधल्या निम्म्या मुली तिने जिन्यात उभ्या केल्या, ती टीम.

रिटायर झाली तेव्हा सरांनी तिला चांदीचं निरांजन दिलं आणि भाषणात म्हणाले, या आमच्या ऑफिसच्या आई.

परतताना ती निरांजन मांडीवर घेऊन रिक्षात बसली. कर्वे रोडच्या सिग्नलला म्हणाली, "मला दोन मुलं आहेत गं. सरांना दत्तक घ्यायचा माझा काही विचार नव्हता."

आम्ही खूप हसलो. मग तिने डोळे पुसले. हसून पाणी आलं म्हणाली.

काल ऑफिसच्या एचआरमधल्या मुलीचा फोन आला. कंपनी महिलांसाठी वेलनेस वीक करतेय, त्याला वासंती मॅडमचं नाव द्यायचं म्हणतात. योगा, मेंदी आणि "आत्मविश्वास कसा वाढवावा" यावर व्याख्यान.

मी विचारलं, आतून कडी लागणारी खोली झाली का?
ती म्हणाली, ते ॲडमिनकडे आहे.

बिचारी नवीन आहे. तिच्यावर काय चिडणार.

पण चिडलेय मी. बायकांमध्ये आत्मविश्वास कमी असतो म्हणे. अहो, शर्वरीकडे भरपूर होता. तो रोज थोडा थोडा काढून घेतला जात होता, तोही काळजीच्या नावाखाली. वासंतीने तो वाढवला वगैरे नाही. तिने तो काढून घेऊ दिला नाही.

उद्या सकाळी कर्वेनगरला तिच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा आहे. पहिले सर बोलणार, असं ग्रुपवर जाहीर झालं. मी त्यांना फोन केला. म्हटलं, आधी शर्वरी बोलेल, वासंतीने काय काय बांधलं त्यावर. मग तुम्ही. ते म्हणाले, एवढं टेक्निकल कशाला, अशा वेळी भावना महत्त्वाच्या.

"सर, तिची मुलं समोर बसलेली असतील," मी म्हटलं. "आई इतकी वर्षं ऑफिसात जाऊन काय करत होती, ते त्यांना कळू दे."

मग म्हणाले, बरं.

जिन्यातल्या मुलींनो, उद्या या. ज्यांना जमणार नाही त्यांनी इथे खाली लिहा, वासंतीकडून कोणतं काम शिकलात ते. मी सगळं छापून तिच्या मुलांना देणार आहे.

वासंती, निवांत जा गं. तू काय केलंस, ते आता आम्ही सांगू.