तिसऱ्या खणाचं माप

पोरांनो, स्वयंपाकघरातल्या ओट्याखालची चार दारं एकसारखी का नाहीत, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. खरं कारण सांगते.

शेळगावच्या आपल्या बांधावरचा साग वादळात पडला. बारामतीच्या वखारीतून कापून आणला, तेव्हा पोकळ भाग सोडून चार दारांपुरतंच लाकूड निघालं. दारं याचीच करायची, हा तुमच्या आबांचा हट्ट. त्यांनी ते माळ्यावर वाळवलं, फळ्या जोडून दारांचे चार पल्ले, मापाहून थोडे मोठेच, स्वतः तयार केले. आखणी माझ्याकडे होती. मी पहिल्या खणाचं माप घेतलं आणि वहीत चार सारखी दारं काढली. ओटा एक, गवंडी एक. खण वेगळे कशाला असतील?

ते मापात कापायला अंथुर्ण्याचे सुतार मिस्त्री यंत्र घेऊन आले. वही बघून म्हणाले, "बाई, खण चार हायत. मापं चारी घेतली न्हवं?"

शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून गावात मी अजून बाईच आहे. मी बोलायच्या आत आबा म्हणाले, "मिस्त्री, जलमभर पोरांच्या चुका काढल्यात तिनं. तिच्या वहीत चूक घावायची न्हाय."

एकच खण मोजलाय, हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

पहिले दोन पल्ले कापले, खणात नीट बसले. तरी मला चैन पडेना. अंगणात तिसऱ्यावर यंत्र सुरू झालं, तशी मी टेप घेऊन ओट्यापुढे बसले. तिसरा खण अर्ध्या इंचाने मोठा भरला. गवंड्याने खणांमधल्या कडप्प्याच्या उभ्या फरश्या नजरेच्या अंदाजाने लावल्या होत्या.

मी ओरडले. यंत्राच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. धावत जाऊन मेन स्विच पाडला.

"लाइट गेली," मिस्त्री म्हणाले.

"मी बंद केली. तिसरा खण मोठा आहे. मी एकच मोजला होता."

पातं निम्म्या पल्ल्यापर्यंत आलं होतं.  आबा रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"चौथा खण पयल्याएवढा असंल, तर ह्यो पल्ला तितं बसंल, अन् ऱ्हायलेला अख्खा पल्ला हितं," मिस्त्री म्हणाले. "त्योबी मोठा निघाला, तर एक दार प्लायचं करा."

"मोज," आबा म्हणाले.

 चौथा खण वर मोजला, खाली मोजला, पुन्हा वर मोजला. पहिल्याएवढाच होता.

मी बाहेर येऊन सांगितलं. आबा अर्धवट कापलेल्या पल्ल्यावर हात ठेवून उभे होते. त्यांनी तो उचलला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.

"कापा," ते मिस्त्रींना म्हणाले. "पण बाईंनी तिसरा खण दोनदा मोजल्याबिगर ऱ्हायलेल्या पल्ल्याला यंत्र लावू नका."