जाऊबाईंची जीप

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी उभ्या आयुष्यात एकही जीप वेळेवर सुटू दिली नाही. तळेगाव ढमढेऱ्याहून शिक्रापूरला जाणाऱ्या जीपला मुळात वेळ नव्हतीच, माणसं भरली की ती सुटायची; पण जाऊबाई आत असल्या की ती भरूनही सुटत नसे. मागच्या दाराशी बसून त्या एक पाय बाहेर पायरीवर ठेवत, आणि आतल्या बायकांचं बोलणं पुरतं झाल्याशिवाय तो पाय काही आत येत नसे. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थके. "आक्का, पाय आत घ्या की!" "घेते रं. ह्या दोघींचं तेवढं जमू दे," असं त्या अशा थाटात सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं आत सोयरीकच जुळतेय.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या एका संस्थेच्या मॅडमनी आमच्याकडे छोटे घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांचा गट काढला. हेतू चांगला होता. बायकांनी एकमेकींना ओळखावं, एकमेकींना गिऱ्हाईक मिळवून द्यावं. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, माईक लावला, आणि आम्ही सगळ्या पदर सावरत मुक्यासारख्या बसून राहिलो. भर बाजारात आवाजानं दणाणून सोडणाऱ्या जाऊबाईंनीसुद्धा माईकपुढे कसंबसं नाव सांगितलं आणि घाम पुसत परत आल्या. बाहेर पडल्यावर म्हणाल्या, "समद्यांची तोंडं मॅडमकडं. बाईनं बाईचं तोंडच बघितलं न्हाई, तर बोलंल कुणाशी?" पुढच्या बाजारापासून गट जीपमध्ये भरू लागला. समोरासमोर दोन बाकडी, गुडघ्याला गुडघा, कुणाच्या मांडीवर कोंबडी तर कुणाच्या पायाशी वांग्यांची पाटी. गटाचं काम बघायला मॅडम आल्या, तेव्हा त्यांनाही जाऊबाईंनी मधे दाबून बसवलं.

त्यांचा स्वतःचा धंदा काळ्या मसाल्याचा, पण खरी हौस दुसरीचा माल खपवण्याची. "मी काय बी करत न्हाई," असं कुणी म्हणालं की त्या सरळ तिच्या पिशवीत हात घालत. "मग ह्यो तुपाचा डबा काय देवाला चाललाय?" शिक्रापुरात खोल्या घेऊन राहणाऱ्या कामगारांना डबे देणारी बाई आणि आमची चटणीवाली त्यांनीच एकत्र आणली. पुढच्या सीटवरच्या पुरुषांनाही चटणी चाखून मत दिल्याशिवाय सुटका नव्हती. एका सद्गृहस्थांचा तर त्यात उपवास मोडला.

तेव्हा ह्यांची कंपनी बंद पडली होती आणि आमची चूल माझ्या शिलाई मशीनवर आली होती. पण 'मी शिवते' एवढं चारचौघांत सांगायची मला भारी लाज. सांगितलं नाही तर काम येणार कुठून, हे कळत होतं. तोंड मात्र उघडत नव्हतं. एका बाजाराच्या दिवशी जाऊबाईंनी पाय बाहेर ठेवून जाहीरच केलं, "ही बोलत न्हाई तवर गाडी हलायची न्हाई." ड्रायव्हरनं निमूटपणे इंजिन बंद केलं. मी रडकुंडीला आले. शिक्रापुरातून शिरूरची एसटी धरायची असलेले एक आबा काकुळतीनं म्हणाले, "बोल गं पोरी, माझी येष्टी चुकंल!" मग सगळी जीपच माझी विनवणी करू लागली. शेवटी मान खाली घालून मी म्हणाले, "मी ब्लाऊज शिवते. चांगले शिवते."

"व्हय?" समोरची कांदेवाली म्हणाली. "मग घे की माझं माप."

पाय आत आला, जीप सुटली, आणि गचके खात मी पिशवीतल्या टेपनं पहिलं माप घेतलं. जाऊबाई ड्रायव्हरवर ओरडल्या, "हळू चालव मेल्या, माप चुकंल!" आबांची एसटी चुकलीच.

त्या मापानं आमचं घर तारलं. पुढे माझं दुकान झालं. आता पोरी आपापल्या स्कूटीवरून जातात आणि गटाचं सगळं बोलणं मोबाईलवर चालतं. सोय झाली खरी, पण मला ती गर्दी फार आठवते.

जाऊबाईंचे ब्लाऊज मी अखेरपर्यंत शिवले. म्हातारपणी त्यांचं माप दर वर्षी थोडं आत येऊ लागलं. त्या विचारत, "वाळले का गं मी?" मी घाईनं टेप गुंडाळून म्हणे, "तेवढंच आहे." शेवटचा ब्लाऊज शिवताना दोन्ही बाजूंच्या शिवणीत मी मुद्दाम जास्तीचं कापड राखलं होतं, अंगानं पुन्हा भरल्या की सैल करता येईल म्हणून. तो त्यांनी एकदाच घातला.