काकडीचं वजन

"पोटाशी खोटं बोलू नये, ते हातापायांना जाऊन सांगतं," असं वहिनी म्हणायची. मोज्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं तिने दुपारचं जेवण रांधलं, आणि ताटात कमी वाढून घेणाऱ्या प्रत्येकीला हे वाक्य न मागता वाढलं. तिची नणंद तिथेच पॅकिंग खात्याची मुकादम होती. ती वहिनी म्हणे, म्हणून सगळा कारखानाच वहिनी म्हणू लागला. अंगाने ही बाई म्हणजे वाळकी काडी. पण भाताचं काठोकाठ भरलेलं पातेलं एकटी शेगडीवरून उतरवायची, आणि उतरवताना तिच्या कपाळावर आठीसुद्धा पडायची नाही.

कारखान्यात दरवर्षी बायकांची रस्सीखेच व्हायची. पॅकिंग विरुद्ध विणकाम, आठ विरुद्ध आठ. नेम असा, की माल तोलायच्या मोठ्या काट्यावर आठही जणींनी एकदम उभं राहायचं आणि काटा चारशे ऐंशी किलोंच्या पुढे जाता कामा नये. गेला, तर दोराला हात न लावताच हार. पॅकिंगवाल्या सहा वर्षं हरत आल्या होत्या आणि नणंद पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होती. हरलेलं तोंड घेऊन घरी बसायचं नाही, हे तिने पक्कं ठरवलं होतं.

अडचण एवढीच, की तिला धरून आठ जणी मिळून सहा किलोंनी जास्त भरत होत्या. तिने कुठेतरी वाचलं होतं, की काकडी चावायला आणि पचवायला जेवढी ताकद लागते, तेवढी त्या काकडीत नसतेच. म्हणजे जितकी खाल, तितकं घटाल. झालं. दहा दिवस आठही जणींच्या तोंडात काकडीशिवाय काही गेलं नाही.

वहिनीच्या पातेल्यात रोज आठ जणींचा भात उरायला लागला. घरातलं माणूस रुसून उपाशी निजावं, तसं ते तिला लागलं.

"वन्सं, शेळी जन्मभर पालाच चघळते," ती म्हणाली. "चघळून चघळून एखादी नाहीशी झालेली बघितलीत?"

"शेळीला दोर ओढायचा नसतो. तू तुझी पातेली बघ."

"काकडीत थोडंच असतं, कबूल. पण ती पचवायला त्याहूनही थोडं लागतं. चिमूटभर का होईना, ती देऊनच जाते. तुम्ही वाळताय ते काकडीने नाही, बाकीचं बंद केलंत म्हणून."

"आपण काट्यालाच विचारू," नणंद म्हणाली.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी सकाळी काट्याला विचारलं. जास्त खाल्लं की जास्त घटेल, या विचाराने आठही जणी उजाडल्यापासून काकड्या करकरत होत्या. किलो-किलोभर पोटात ढकलून त्या काट्यावर चढल्या. काटा हलला, डुलला आणि चारशे नव्वदावर थांबला. काकडी टोपलीत आहे की पोटात, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

मग सरावाला उभ्या राहिल्या, तर दोर हातातून साबणासारखा निसटला. एक जण मटकन खाली बसली. नणंद मोज्यांच्या गठ्ठ्यावर टेकली आणि जमिनीकडे बघत राहिली.

वहिनीने आठ ताटं आणली. भात, डाळ, दोन-दोन उकडलेली अंडी.

"आणि वजनाचं काय?" नणंदेने विचारलं.

"एकीला बदला."

नणंदेने सगळ्यांवरून नजर फिरवली. सगळ्यात जड कोण, हे सांगायची कुणाची छाती नव्हती. शेवटी तिनेच ताट जवळ ओढलं. "चौऱ्याहत्तर आहे मी," ती म्हणाली. "मी उतरते. तू किती भरतेस?"

"सेहेचाळीस."

वहिनीचं नाव हजेरीपटावर पॅकिंगमध्येच होतं. स्वयंपाकघराला वेगळं पान काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी काटा चारशे एकोणसाठावर थांबला. विणकामवाल्या वहिनीकडे बघून हसल्या. "दोराला मागून अजून एक दोर बांधलाय," त्यांची पुढारीण म्हणाली.

वहिनी सगळ्यात शेवटी उभी राहिली. दोन दिवस तिने बाकीच्या सात जणींना एवढंच शिकवलं होतं, की पातेलं हिसकायचं नसतं. गुडघे वाकवायचे, पाठ सरळ ठेवायची आणि भार आपल्याकडे येईतो धीर धरायचा. विणकामवाल्यांनी तीन हिसके मारले. दोर तसूभर हलला नाही. चौथ्या हिसक्याला त्यांचा दम सरला. त्याच क्षणी नणंद बाजूने म्हणाली, "उतरवा." आठ जणी एक पाऊल मागे गेल्या, मग दुसरं, मग तिसरं. विणकाम खातं रेघ ओलांडून पुढे आलं ते एकमेकींच्या अंगावर पडतच.

सहा वर्षांची हार तिथे धुळीत बसली होती.

ढाल आली, फोटोवाला आला. "वहिनी, मधे ये," नणंद म्हणाली.

"डाळ शेगडीवर आहे. आणि विणकामवाल्याही आज भुकेल्या असतील."

लाल झालेले तळवे पदराला पुसत ती निघाली. खांदे सरळ, चाल रोजचीच. हातातली ढाल तशीच धरून नणंद बघत राहिली, स्वयंपाकघराचं दार लागेपर्यंत.